काळू धबधब्याच्या पायथ्याला वाटाड्या घेऊन जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातले सहा जण, त्यातल्या दोघांनी राजमाची-कळसूबाई केलंय, बाकी चौघे नवखे. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी माळशेज घाटाखालच्या काळू धबधब्याच्या थेट पायथ्याला जायचंय. कुणीतरी चालून नोंदवलेली वाट मोबाइलवर मिळाली आहे. तरी गावातला वाटाड्या घ्यावा का, तो कसा शोधावा, त्याला किती द्यावे आणि सोबत काय न्यावं?

आधी दोन सरळ उत्तरं देतो. वाटाड्या घ्याच. आणि ऑगस्टमध्ये पायथ्याला जाऊ नका, वाटाड्या असला तरी नको. बावीस वर्षं मी या पट्ट्यात लोकांना घेऊन हिंडतोय. ऑगस्टमध्ये खालून काळूकडे एकदाच गेलो होतो. चूक माझीच होती, म्हणून ती गोष्ट पुढे सांगणार आहे.

पण त्याआधी जागा नीट समजून घ्या. हरिश्चंद्रगडाच्या दक्षिणेकडच्या परिसरात पडलेलं पाणी दोन दिशांना जातं. एक वाटा पुष्पावती नदीतून पूर्वेला, पिंपळगाव जोगे धरणात. दुसरा पश्चिमेला सरकतो आणि सह्याद्रीच्या धारेवरून टप्प्याटप्प्याने कोकणात उतरतो. ही काळू. पुढे ती मुरबाड तालुक्यातून वाहत जाऊन उल्हासला मिळते. म्हणजे धबधब्याचं डोकं पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात आणि पाय ठाणे जिल्ह्यात. डोक्याकडे जायचं तर खुबी फाट्यावरून खिरेश्वर, आणि पायांकडे जायचं तर घाटाखालच्या सावर्ण्यावरून थितबी. दोन जिल्हे असल्यामुळे पावसाळ्यातले बंदी आदेशही दोन कलेक्टरांचे, वेगवेगळ्या तारखांचे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचे, जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. निघण्याआधी त्या जिल्ह्याचा आदेश बघा. फॉरवर्ड होऊन आलेला फोटो बघू नका, त्यावर बऱ्याचदा तारीख गेल्या वर्षीची असते.

खालची वाट म्हणजे खरं तर नदीचं पात्रच. पहिला तुकडा शेतांच्या बांधांवरून आणि झाडीतून जातो, मग पात्रात उतरायचं आणि दगडा-धोंड्यांवरून वर चढत राहायचं. नदी कधी डाव्या हाताला, कधी उजव्या. दोन-अडीच तासांत तिला कितीतरी वेळा ओलांडावं लागतं. तुमच्या मोबाइलवरची वाट इथेच फसवते. ज्यानं ती नोंदवली तो नोव्हेंबरात गेला असेल तर त्याचे उतार, म्हणजे पात्र ओलांडायच्या जागा, कोरडे होते. तुम्ही जाल तेव्हा तिथं छातीइतकं पाणी असेल, आणि पडद्यावरची निळी रेघ काही बदललेली नसेल.

शिवाय हे पाणी पडतं कुठं आणि येतं कुठं, हेही पाहिलं पाहिजे. घाटमाथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस सुरू असतो तेव्हा खाली थितबीत ऊन पडलेलं मी पाहिलंय. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा. पावसाळ्याच्या मध्यावर वरची माती पाणी पिऊन तुडुंब झालेली असते, आणखी पडलं की ते जिरत नाही, कातळावरून घसरून सरळ कड्याकडे येतं. त्यामुळे लोंढा यायला तासभर लागत नाही, काही मिनिटं पुरतात. दिलासा इतकाच की पाणी चढतं तसं उतरतंही लवकर. वरचा पाऊस थांबला की बऱ्याचदा दोन-चार तासांत उतार पुन्हा पायाखाली येतो. अडकलात तर उंचावर बसून वाट बघणं हाच शहाणपणा असतो, तो यामुळेच. बुडालेली बरीच माणसं ‘अंधार पडायच्या आत पलीकडे जाऊ’ म्हणून पाण्यात उतरलेली असतात.

आता ती गोष्ट. ऑगस्टचा पहिला आठवडा, आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, शेवटचे दिवस. आम्ही अकरा जण. वाटाड्या ठाकर समाजातले, पन्नाशीचे, मी त्यांना मामा म्हणतो. कमरेला आकडी, आकडीत कोयता, डोक्यावर प्लास्टिकचा कागद आणि पायात प्लास्टिकचे बूट. सकाळी लख्ख ऊन होतं. मी विचारलं, “मामा, जमेल ना?” ते थोडा वेळ कड्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “बघू.” मी पुन्हा विचारलं. पुण्याहून माणसं आलीत, पैसे भरलेत, वगैरे. मग ते म्हणाले, “जमंल.”

पहिल्या उताराला पाणी घोट्याच्या वर, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत. दुसरा उतार ओलांडल्यावर आम्ही खायला बसलो. मामा बसले नाहीत. त्यांनी मुठीएवढा एक पांढुरका गोटा उचलला, पाण्याच्या अगदी कडेला, जेमतेम ओला होईल असा ठेवला आणि बिडी पेटवून त्याच्याकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, काहीतरी चाळा. पोळीभाजी अर्धी झाली तेव्हा तो गोटा दिसेनासा झाला होता. पाणी अजून नितळच होतं, आवाजही तोच. मामांनी वाकून पाण्यातून एक पान उचलून मला दाखवलं. हिरवंगार, देठासकट तुटलेलं. वाळकी पानं पात्रात रोजच वाहतात. हिरवी पानं ओरबाडून आणायला पाण्याला जोर लागतो. “वर पानी आलं. उठा. वर चला, मागं नाय,” एवढंच ते म्हणाले. डबे तिथंच टाकून आम्ही कारवीच्या झुडपांना धरधरून उभ्या चढावर चढलो.

वीस-पंचवीस फूट चढलो असू तेव्हा पाण्याचा रंग बदलला, कोऱ्या चहाचा दुधाचा चहा झाला. मग तो आवाज. पाण्याचा खळाळ वेगळा. तळातले गोटे एकमेकांवर आपटत गडगडायला लागतात तेव्हा नदी दळण दळतेय असं वाटतं, तो आवाज पोटात ऐकू येतो. आम्ही बसलो होतो तो दगड गेला. एक अख्खं झाड मुळांसकट समोरून गेलं. दोन्ही उतार बंद झाले. आम्ही गावाच्याच काठाला होतो, पण आल्या वाटेने परतणं संपलं. पाऊस त्या दिवशी थांबलाच नाही. मामांनी कोयत्याने कारवी तोडत, डोंगराच्या चढाला तिरकं धरत अशी वाट काढली की मी आजही ती एकटा शोधू शकणार नाही. एका मुलीचा घोटा मुरगळला होता, तिला आळीपाळीने आधार देत रात्री दहाला गावात पोचलो.

चुलीपाशी कपडे वाळवत बसलो होतो तेव्हा मी मामांना विचारलं की सकाळी नको का नाही म्हणालात. ते म्हणाले, “तुमी इचारलं जमंल का, मी म्हनलं जमंल. नको म्हनलं असतं तर तुमी दुसरा बघितला असता.” राग नव्हता बोलण्यात. जे होतं ते सांगितलं.

तेव्हापासून मी ‘जमेल ना?’ हा प्रश्न टाकून दिलाय. त्या प्रश्नातच आपण उत्तर भरून देतो. समोरचा माणूस पाहुण्याला नाही म्हणायला संकोचतो, शिवाय दिवसाची मजुरी बुडणार असते. मी आता असं विचारतो: “मामा, आज तुमच्या घरचं कुणी खेकडे धरायला वर गेलंय का?” “काल पाणी कुठवर आलं होतं?” “तुमच्या धाकट्याला आज तिकडे पाठवाल का?” यांना खरं उत्तर मिळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बोलणी करतानाच सांगून टाकतो की अर्ध्या वाटेतून परत फिरवलंत तरी पैसे पूर्ण मिळतील. हे वाक्य आधी, सगळ्यांसमोर बोला. सह्याद्रीत सुरक्षेवर खर्च केलेले याहून स्वस्त पैसे मला माहीत नाहीत. यातली ‘बघू’ची भाषाही शिकावी लागते. ‘जमंल की’ म्हणजे हो. ‘बघू’ म्हणजे बहुधा नको. ‘तुमी म्हनाल तसं’ म्हणजे नक्की नको.

अंतराचंही तसंच. “हे काय, इथंच, त्या झाडाच्या पल्याड” हे त्यांच्या पायांचं माप. त्यांचा अर्धा तास म्हणजे तुमच्या गटाचा सव्वा ते दीड तास धरा. जेवणं, फोटो आणि बुटातला खडा काढणं धरून मी तिप्पट धरतो.

वाटाड्या शोधायचा कसा? थितबीला वनखात्याचं निसर्ग पर्यटन केंद्र आहे, तिथून सुरुवात करा. नाहीतर रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीवर किंवा पोलीस पाटलांकडे विचारा. जाण्याच्या दिवशी पोचून समोर दिसेल त्या पोराला धरू नका. हल्ली हायवेवरच ‘गाइड पाहिजे का’ म्हणून मुलं उभी असतात. त्यातले बरेच चांगले आहेत, पण धबधब्यापर्यंतची वाट माहीत असणं वेगळं आणि पाणी ओळखणं वेगळं. मला त्यातल्या त्यात मासे-खेकड्यांसाठी पात्रात हिंडणारा माणूस हवा असतो. कोंड (पात्रातला डोह) कुठं खोल आहे, उतार कुठं बदलला, गेल्या पावसात कुठली दरड खाली आली, हे त्याला कामामुळे माहीत असतं. या भागात ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी अशी वेगवेगळी माणसं आहेत, वाड्याही वेगळ्या. सगळ्यांना सरसकट ‘आदिवासी गाइड’ म्हणत बसू नका, नाव विचारा. वयानुसार दादा, मामा, बाबा म्हणा आणि ‘तुम्ही’ म्हणा. पंचविशीतली मुलं साठीच्या माणसाला ‘ए चल रे’ करताना मी ऐकलंय. त्या गटाला मी पुन्हा नेलं नाही.

पैशांबद्दल. ठरलेला सरकारी दर असेल तर तो, नसेल तर माझा हिशेब सोपा आहे: त्या दिवशी गावात शेतमजुराला जी मजुरी चालू असेल तिच्या किमान दुप्पट, आणि आवणीच्या दिवसांत तिप्पट. कारण जुलैमध्ये तो माणूस तुमच्यासोबत आला म्हणजे त्याच्या खाचरात एक जोडी हात कमी झाले. सहा-सात जणांना एक वाटाड्या पुरतो, त्यापुढे दोन घ्या, एक पुढे आणि एक सगळ्यात मागे. पैसे रोख न्या, सुटे न्या, संध्याकाळी थेट त्याच्या हातात द्या. नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. एखाद्या ट्रेक आयोजकाबरोबर जाणार असाल तर आधी विचारा की स्थानिक माणसाच्या हातात किती पडतात. उत्तर द्यायला जो अडखळतो त्याचं बाकीचं नियोजनही मी जरा संशयानेच बघतो. साहसी पर्यटनाबद्दल राज्याचं २०२१ चं धोरण आहे, त्यानुसार आयोजकाची नोंदणी लागते, तेही विचारायला लाजू नका. जेवण त्याच्या घरी सांगा, पण आदल्या दिवशी. तांदळाची भाकरी, झणझणीत कालवण आणि पावसाळा असेल तर एखादी रानभाजी मिळेल. त्याचे पैसे वेगळे. आणि उरलेली बिस्किटं पोरांना वाटत सुटणं बंद करा, राव.

वाटेत एखाद्या झाडाखाली शेंदूर लावलेला दगड दिसेल, कधी वाघोबा, कधी गावदेवी. मामा थांबले तर तुम्हीही थांबा. काही कोंडांपाशी ते सांगतील की इथं साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या देवता, आहेत, पाण्यात उतरायचं नाही. शहरातली मंडळी इथं हसतात. मी एकदा पाणी कमी असताना अशाच एका कोंडात वाळकी फांदी टाकून बघितली. वरून सरळ पुढं जाईल असं वाटत होतं. ती फिरून कातळाच्या कपारीखाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. धार पडते तिथं पाण्यात हवा मिसळून फेस होतो आणि फेसाळ पाणी माणसाला नीट तोलून धरत नाही, पट्टीचा पोहणाराही खाली जातो. रांजणखळग्यासारख्या गोल कोंडात भोवरा धरतो. आसरा मानायच्या की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, त्या पाण्यात मात्र उतरू नका. धारेच्या थेट खाली उभं राहणंही नको. वरून पाण्याबरोबर दगड येतात आणि पाण्याच्या आवाजात ते ऐकू येत नाहीत.

नदी ओलांडायचं तंत्र नवख्या चौघांना आधीच सांगून ठेवा. अरुंद जागा जवळची वाटते, पण तिथं पाणी खोल आणि जोराचं असतं. रुंद, पसरट उतार बरा. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती झटकता येते. बूट काढू नका. तोंड वरच्या अंगाला, हातात बांबूची काठी, एका वेळी एकच पाय उचलायचा. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोराचं असेल तर ओलांडायचंच नाही. दोर नेलात तर तो कुणाच्याही कमरेला बांधू नका. वाहता माणूस दोराला लटकला की पाणी त्याला खाली दाबून धरतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. ती काही पोहायला उतरली नव्हती. पाण्याच्या मध्यावर एकमेकांना धरून उभी होती आणि पाणी वाढलं.

सामानाचं फार लांबवत नाही. चांगल्या पकडीचे बूट, टॉर्च प्रत्येकाकडे स्वतंत्र (मोबाइलचा धरू नका), शिट्टी, कोरडे कपडे प्लास्टिकमध्ये बांधून, गूळ-शेंगदाणे, क्रेप बँडेज. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. पावसाळा सरताना वाटेवर खाजकुयलीच्या शेंगा लोंबतात, त्यांची कुसळं एकदा मानेला लागली की ट्रेक संपेपर्यंत दुसरा विषय निघत नाही. पायाला जखम असेल तर चिखलात, तुंबलेल्या पाण्यात उघडी ठेवू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका असतो. परत आल्यावर आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना ट्रेकचं आवर्जून सांगा. साप चावला तर चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, त्या माणसाला चालवायचंही नाही. पाय स्थिर ठेवून उचलून आणायचं आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघायचं. गाडीत बसण्याआधी फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध आहे का ते विचारायला एकाला लावा. आपत्कालीन क्रमांक ११२. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर घरून निघतानाच कागदावर लिहून घ्या. अर्थात पहिली मदत गावातूनच येते. बचाव पथक पोचेपर्यंत वाडीतली चार माणसं बांबू आणि चादरीची झोळी करून निघालेली असतात. नंतर बातमीत त्यांची नावं सहसा नसतात.

तर तुमचा बेत मी असा बदलला असता. ऑगस्टच्या सुट्टीत, बंदी नसेल तर, खिरेश्वरला जा. नागेश्वराचं जुनं मंदिर बघा, पावसात ते फार देखणं दिसतं. काळूच्या टोकाकडे जायचं तर तिथलाच वाटाड्या घ्या, वाटेतल्या ओढ्यांना वर सांगितलेले सगळे नियम लागू, आणि कड्याच्या कडेपासून चांगलं अंतर ठेवा. खालून वारा वर येतो तेव्हा पाण्याचे तुषार उलटे अंगावर येतात, धुकं भरलं की दहा फुटांवर कडा संपलेला दिसत नाही. पायथ्याचा ट्रेक ऑक्टोबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत ठेवा. धार तेव्हाही भरपूर असते, उतार पायाखाली येतात, भात कापणीला आलेलं असतं. कल्याणहून मुरबाड-टोकावडे-मोरोशीमार्गे आळेफाट्याकडे जाणाऱ्या एसटीने सावर्ण्याला उतरा, शक्य तर आदल्या संध्याकाळीच, आणि सकाळी साडेसहाला चालायला लागा. दुपारी एकपर्यंत जिथं पोचाल तिथून मागे फिरायचं, मग धबधबा शंभर पावलांवर असला तरी.

आणि ऑक्टोबरातसुद्धा परतीचा पाऊस असतो. दुपारनंतर गडगडायला लागलं की तो गोटा पाण्याच्या कडेला ठेवून बघा. मामा हसतील, पण ठेवू देतील.